टोपीचं चित्र शिवणवर्गात लावावं का? (पॉल प्वारेचे फेटे)

सुईदोरा
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसजवळच्या एका गावात शिवणवर्ग चालवते. बचत गटाची खोली आहे, सहा मशिनी आहेत. गावातल्या आणि शेजारच्या तांड्यावरच्या मुली येतात. ब्लाउज, सलवार-कुडते, शाळेचे गणवेश, हंगामात कापूस वेचायच्या झोळ्या, असं आमचं काम.

पुण्याला असलेल्या भाचीनं वर्गासाठी एक आर्ट प्रिंट पाठवली आहे. ए-३ आकार, जाड, किंचित पिवळसर कागद. चित्रात बायकांचे चेहरे आहेत आणि डोक्याला फेट्यासारखं गुंडाळलेलं कापड. रंग सपाट, कुठेही छाया नाही, रेघ एकदम मोजकी. खाली पॉल प्वारे, जॉर्ज लपाप आणि १९११ असं छापलंय.

वाचून एवढं कळलं की प्वारे हा पॅरिसचा फॅशन डिझायनर. जन्म १८७९, बाप कापडाचा व्यापारी. पोरवयात त्याला छत्र्या करणाऱ्याकडे कामाला लावलं होतं, तिथले रेशमाचे उरलेले तुकडे गोळा करून तो लाकडी बाहुलीला कपडे करायचा. १९०३ मध्ये स्वतःचं दुकान काढलं. बायकांच्या कपड्यातून कॉर्सेट (कंबर आवळून धरणारं कडक अंतर्वस्त्र) काढून टाकणाऱ्यांत त्याचं नाव पुढे येतं. चित्र काढणारा लपाप वेगळा, टोपी प्वारेची.

आता प्रश्न. आमच्या गटात दोन मतं पडलीत. अध्यक्षबाई म्हणतात, त्या जागेवर कटिंगचा तक्ता लावा, मुलींच्या कामी येईल. मला त्या चित्रावरून नजर काढवत नाही. घडी कुठून सुरू झाली, टोक कुठे खोचलं, हे शोधत बसावंसं वाटतं. तुम्ही काय कराल? आणि लावायचंच तर आमच्या इथल्या उन्हात आणि वाळवीत ते टिकवायचं कसं?

छापखाना
ताई, आधी एक भिंग घ्या आणि रंगाच्या सपाट जागेवर धरा. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके फुलासारख्या रचनेत दिसले तर ती ऑफसेटची छपाई. एकदम बारीक, विस्कटलेले तुषार दिसले तर इंकजेट. हल्ली आर्ट प्रिंट म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच पिगमेंट शाईच्या इंकजेट असतात. चांगला कागद असेल तर त्या वर्षानुवर्षं टिकतात.

मूळ १९११ चं चित्र या दोन्हींपेक्षा वेगळं. ते 'पोश्वार' पद्धतीनं केलेलं. आधी रेघेचं काम छापून घ्यायचं, मग प्रत्येक रंगासाठी जस्ताच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्याचा साचा कापायचा, तो कागदावर बसवायचा आणि हातानं, ब्रशनं रंग भरायचा. जितके रंग तितके साचे, कधी वीस-तीसपर्यंत जायचे. म्हणून मूळ प्रतीत रंगाच्या कडेला किंचित उंचवटा हाताला लागतो, कारण तिथे गवाशचा (घट्ट, अपारदर्शक जलरंगाचा) थर साच्याच्या काठाशी साठलेला असतो.

जिनिंगमध्ये काम केलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. रुईची गाठ बांधली की तिच्यावर पत्र्याचा साचा धरून काळ्या रंगानं लॉट नंबर मारतात ना, तीच ही विद्या. तिथे एक रंग, इथे वीस, आणि एक रेघ सरकली तर पूर्ण पान वाया.

तुमच्या चित्रात छाया नाही म्हणता, ती या पद्धतीमुळेही नाही. साच्यात सपाट रंग शोभतो. लपापनं ते ओळखून चित्र काढलं. माझ्या मते ती चित्रं आजही ताजी दिसतात याचं निम्मं श्रेय साचे कापणाऱ्यांचं आहे, आणि त्या कारागिरांची नावं कोणी सांगत नाही.

वऱ्हाडी_गडी
ताई, चित्र पायलं. (तुमी टाकलेला फोटो वाढवून पायला.) हा फेटा कोनं बांधला, त्याले बोलवा. कारन याचं शेव (मोकळं टोक) कुठीच दिसत नाही. आमच्या बुढ्याचा पटका पाहा, शेव पाठीवर सुटलेलं राहे. वावरात घाम पुसायले तेच, रस्त्यात भाकर बांधायले तेच, इहिरीवर दोर कमी पडला तं लोटा सोडायले पन तेच. रात्री उशाले. या चित्रातल्या बाईले भाकर नेनं नाही, म्हून तिचं शेव आतमंदी लपवलं.

मी नावं ठेवून नाही रायलो. चित्र नादर आहे. पन पोरींनी ते पाहून शिकायचं असन तं हे सांगा त्याईले.

सुईदोरा
गडीभाऊ, शेव कुठे गेलं हे मी दोन दिवसांपासून शोधत होते! आता कळलं की ते मुद्दाम दाखवलेलंच नाही.

गावठाण
राग मानू नका, ताई. पण आमच्या भागात सोयाबीनला भाव नाही, कापसाचं तेच. पोरी तुमच्याकडे येतात त्या चार पैसे हाती यावेत म्हणून. त्यांना शंभर वर्षांपूर्वीच्या पॅरिसच्या श्रीमंत बायकांच्या टोप्या दाखवून काय साधणार? तक्ता लावा. तक्त्यातून गणवेश शिवला जातो, गणवेशातून पैसे येतात. माझी पोरगी अशाच वर्गात शिकते म्हणून बोललो.

कोष्टीपुरा
या चित्रामागचा एक धागा आपल्याकडचाच आहे, तो सांगतो. आमचं घराणं पवनीचं, विणकराचं. उमरेड-पवनीचं रेशीमकाठी कापड एके काळी लांबवर जायचं. आता गावात माग हातावर मोजण्याइतके उरलेत, म्हणून या गोष्टी मी शोधून शोधून वाचतो.

प्वारेनं आपल्या आठवणी १९३० मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यात तो लिहितो की लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात (आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) त्यानं भारतीय पगड्या-फेट्यांचा संग्रह पाहिला आणि वेडा झाला. संग्रहालयाकडून हाताळून पाहण्याची परवानगी घेतली, पॅरिसहून आपल्या कारखान्यातल्या मुख्य कारागीर बाईला तातडीनं बोलावलं आणि तिला घड्या, वळणं, बांधणी उतरवून घ्यायला लावलं. ती तिथे आठवडाभर राहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पॅरिसमध्ये बायकांच्या डोक्यावर हे फेटे दिसू लागले.

लोक म्हणायचे की १९१० च्या 'शहरजाद' या रशियन बॅलेवरून त्यानं ही पौर्वात्य धाटणी उचलली. प्वारेला ते अजिबात मान्य नव्हतं. त्याचा गुरू संग्रहालयातलं ते कपाट होतं.

म्हणजे सुईदोराताई, तुमच्या वर्गात आलेलं चित्र मूळचं इकडच्या कुणीतरी डोक्याला बांधलेल्या कापडाचं आहे. इथून लंडन, लंडनहून पॅरिस, पॅरिसहून कागदावर आणि कागदावरून दिग्रस. मला हे वाचताना अभिमान वाटला आणि दुखलंही. त्या कपाटातल्या एकाही फेट्याबरोबर बांधणाऱ्याचं नाव प्वारेनं लिहिलेलं नाही.

वर्धेकर
कोष्टीपुरा यांनी दुखरी बाजू काढलीच आहे तर थोडं पुढे. तो संग्रह तिथे पोचला कसा? ईस्ट इंडिया कंपनीचं लंडनमध्ये स्वतःचं इंडिया म्युझियम होतं. ते १८७९ मध्ये मोडलं आणि त्यातल्या पुष्कळशा वस्तू साउथ केन्सिंग्टनला गेल्या. त्याच म्युझियमच्या जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये भारतीय कापडाच्या खऱ्या तुकड्यांचे १८ खंड तयार केले. ७०० नमुने, आणि असे २० संच. त्यात पागोट्यांचं कापडही होतं. हेतू लपवलेला नव्हता: मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानातल्या लोकांना काय आवडतं ते पाहावं आणि तसं कापड काढून इथे विकावं. २० पैकी १३ संच ब्रिटनमध्ये वाटले, ७ भारतात पाठवले.

याच वर्षांत आपला वऱ्हाड कुठे होता ते आठवा. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाकडे लँकेशायरचं, म्हणजे इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या गिरणी-भागाचं, लक्ष गेलं. कापूस इथून जात होता, नमुनेही इथून जात होते, आणि तयार कापड परत येत होतं. पवनीसारख्या गावांतले माग का थांबले याचं उत्तर शोधताना हे सगळं एकत्र पाहावं लागतं.

हे सांगून चित्र लावावं असं माझं मत. लपवून लावू नये आणि रागानं काढूनही टाकू नये.

मामातलाव
गोंदिया जिल्ह्यातून. माझा विषय पक्षी, म्हणून वेगळीच गोष्ट सांगतो. त्या काळच्या टोप्यांवर आणि या फेट्यांवर एक उंच, झिरझिरीत तुरा असायचा, त्याला एग्रेट म्हणत. तो आपल्या बगळ्याचा पिसारा. विणीच्या दिवसांत मोठ्या आणि लहान बगळ्याच्या पाठीवर जी लांब, केसासारखी सुटी पिसं येतात, ती. पिसं विणीतच येतात, त्यामुळे शिकारही घरट्यावरच व्हायची. आईबाप मारले जात आणि पिल्लं झाडावर उपाशी मरत.

युरोप-अमेरिकेतल्या टोप्यांसाठी हा धंदा इतका वाढला की इंग्लंडमध्ये १८८९ मध्ये काही बायकांनी एकत्र येऊन त्याविरुद्ध संस्था काढली, तीच पुढे पक्षी संरक्षणाची मोठी संस्था झाली. भारत सरकारनं १९०२ मध्ये पक्ष्यांची कातडी आणि पिसं बाहेर पाठवायला बंदी घातली. ब्रिटननं आयातबंदीचा कायदा करायला १९२१ उजाडलं. म्हणजे तुमचं चित्र छापलं गेलं तेव्हा इथून पिसं पाठवणं बेकायदा होतं आणि तिकडे ती डोक्यावर मिरवणं कायदेशीर.

आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर पावसाळ्यात झाडं बगळ्यांनी पांढरी होतात. ते पाहिलेला माणूस त्या तुऱ्याकडे नुसतं सुंदर म्हणून पाहू शकत नाही. ताई, मुलींना हेही सांगा. कुठल्याही कपड्यावर जे चढतं ते कुठून तरी काढलेलं असतं, हे शिवणाऱ्याला आधी माहीत हवं.

सुईदोरा
मामातलाव दादा, आमच्या प्रिंटमध्येही असा तुरा आहे. मी त्याला रेशमाचे धागे समजत होते. उद्या मुलींना सांगते.

गावठाण काका, तुमचं म्हणणं मी मनावर घेतलंय. पैशाचं गणित मलाही रोज दिसतं. पण एक सांगू? तक्त्यावरून माझ्या मुली उत्तम शिवतात. तक्त्यात नसलेलं गिऱ्हाइकानं मागितलं की मात्र हात थांबतात. फोनवर फोटो दाखवून 'असं शिवून दे' म्हणणाऱ्या नवऱ्या मुली आता आमच्या गावातही येतात. फोटो पाहून कापड कसं वळलंय, कुठे चुणी घेतलीय, कुठे आतून आधार दिलाय हे ओळखता येणं म्हणजे रोजगारच आहे. ते डोळे तयार करायला मला हे चित्र हवंय.

पळसपान
गडचिरोलीकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. गावठाण यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून प्वारेचीच एक गोष्ट, माझ्या फार आवडीची.

१९११ मध्येच, म्हणजे तुमच्या चित्राच्याच वर्षी, त्यानं पॅरिसमध्ये मुलींसाठी चित्रशाळा काढली. आपल्या लेकीच्या नावावरून नाव दिलं, मार्तीन. मुली कामगार घरातल्या, बारा-तेराच्या आसपासच्या, चित्रकलेचं शिक्षण अजिबात न झालेल्या. त्यांना नियम शिकवायचे नाहीत असं त्यानं ठरवलं. बागेत नेलं, प्राणिसंग्रहालयात नेलं, बाजारातली फुलं आणून दिली आणि म्हणाला, दिसतं तसं काढा. जी चित्रं चांगली वाटली ती पैसे देऊन घेतली. त्यावरून पडदे, गालिचे, भिंतीचे कागद, छापील कापड तयार झालं आणि त्याच नावाच्या दुकानात विकलं गेलं.

त्या मुलींची नावं जगाला फारशी कळली नाहीत आणि नफा प्वारेच्या दुकानाचा, हे खरं. पण शिक्षक म्हणून मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटतं: न शिकलेल्या मुलीच्या हातच्या रेघेला बाजारात किंमत येऊ शकते, हे एका मोठ्या डिझायनरनं १९११ मध्ये ओळखलं होतं. आमच्या शाळेतल्या पोरी मोहाची फुलं, पळस, धानाची लोंबी काढतात तेव्हा मी ती चित्रं जपून ठेवतो ते याच कारणानं. ताईंच्या वर्गातल्या तांड्यावरच्या मुलींच्या घरी आरसे-कवड्यांचं भरतकाम असणारच. त्यांच्या आजीची ओढणी या चित्राशेजारी लावा. दोन्हींवर मुली किती वेळ बोलतात ते पाहा.

काठपदर
टोपीपासून सुरुवात केलेले डिझायनर बरेच आहेत. जान लान्व्हँ टोप्या करायची, १८८९ मध्ये तिनं स्वतःचं दुकान थाटलं. कोको शनेलनंही १९१० मध्ये पॅरिसला टोप्यांचंच दुकान काढलं, कपडे नंतर. आणि एल्सा स्किआपरेली हिनं चित्रकार साल्वादोर दाली याच्याबरोबर १९३७-३८ च्या हिवाळ्यासाठी उलट्या बुटासारखी टोपी केली, टाच वर आलेली! बूट डोक्यावर ठेवलेल्या दालीचा एक फोटो होता, त्यावरून ती सुचली. तीही आता चित्रांत आणि संग्रहालयातच पाहायला मिळते.

वर्धेकर
टोपीच्या डिझाइनचा विषय निघालाय आणि वर्ध्याचा माणूस गांधी टोपीबद्दल बोलणार नाही असं होणार नाही. ती टोपीही कुणीतरी बसून विचारपूर्वक ठरवलेली आहे. काका कालेलकरांना गांधीजींनी तिची जन्मकथा सांगितली होती. वेगवेगळ्या प्रांतांतली शिरोभूषणं त्यांनी पाहिली. फेटा उन्हाला बरा पण कापड फार लागतं. मग काश्मिरी टोपी पसंत पडली: हलकी, शिवायला सोपी, घडी करून खिशात मावणारी. ती लोकरीची असते, गांधीजींनी सुती केली. रंग पांढरा का? मळला की लगेच दिसतो, म्हणून धुवावीच लागते.

एका टोपीत कापडाचा खर्च, हवामान, शिलाई, धुलाई, खिसा, सगळ्याचा हिशेब केलेला आहे. मला डिझाइन म्हणून ती प्वारेच्या फेट्यापेक्षा मोठी वाटते. तिचा नमुना कागदावर उतरवून, बाजूला मापं लिहून, कुणी सुंदर आर्ट प्रिंट काढली तर मी पहिला गिऱ्हाईक. आमच्याकडे मगन संग्रहालय १९३८ पासून आहे, ग्रामोद्योगाच्या वस्तू तिथे नीट मांडलेल्या आहेत. मुलींची सहल काढा, ताई. चरखे, कापड सगळं पाहून होईल.

गावठाण
सुईदोराताईंचं फोटो पाहून शिवण्याचं पटलं. माझी पोरगी परवा असंच एका गिऱ्हाइकाचं काम परत घेऊन आली होती, बाही जमली नाही म्हणून. मग माझं एवढंच म्हणणं की तक्ता काढू नका. दोन्ही लावा.

चौकटवाला
अमरावतीत फ्रेमचा धंदा, वडिलांपासूनचा. टिकवायचं कसं याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही, ते देतो.

ताई, आपल्याकडे चित्राचे तीन शत्रू: मे महिन्यातलं ऊन, पावसाळ्यातली ओल आणि कसर-वाळवी. पंचेचाळीस डिग्रीच्या पुढे पारा गेला की पत्र्याखालच्या खोलीत भिंत तापते, कागद सुकून ठिसूळ होतो. मग आषाढात तोच कागद ओल पितो आणि लाटेसारखा फुगतो. दर वर्षी हेच. म्हणून कागदाला हलायला जागा ठेवायची. चारी बाजूंनी चिकटवून टाकलेलं चित्र दोन पावसाळ्यांत सुरकुतणार म्हणजे सुरकुतणार.

करायचं असं. आम्लविरहित माउंट बोर्ड घ्या, बाजारातला साधा पांढरा पुठ्ठा नको, तो काही वर्षांत कागदाला पिवळा डाग देतो. चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, पातळ कागदाच्या बिजागऱ्यांनी, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं लटकवा. सेलोटेप नको, फेविकॉल नको. वर खिडकी कापलेला माउंट ठेवा म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. काच टेकली की ओलीत शाई काचेला चिकटते, मग सोडवता येत नाही. मागची बाजू कागदी पट्टीनं पूर्ण बंद करा, कसर तिथूनच शिरते.

भिंत निवडताना ज्या भिंतीला बाहेरून पाऊस लागतो ती नको, आणि दारासमोरचीही नको. मातीची भिंत असेल तर फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना लाकडाचे अर्ध्या इंचाचे तुकडे लावा, मधून हवा खेळते आणि वाळवी चढली तर दिसते. वर्षातून एकदा, पोळ्याच्या आसपास, उतरवून मागून पाहा.

दुकानदार यूव्ही काच (उन्हातले अतिनील किरण अडवणारी) सुचवेल, महाग पडते. सावलीच्या भिंतीवर साधी काच चालते.

सुईदोरा
चौकटवाला दादा, खूप उपयोगी. आमच्या खोलीत आतली एक भिंत आहे, दोन्ही बाजूंनी खोल्या असलेली. तिथेच लावते. खळीत मोरचूद घालतात ना किडीसाठी?

चौकटवाला
जुने बाइंडर घालायचे. चित्राच्या कागदाला नको, तांब्याचा क्षार कागद जाळतो. नुसती खळ, ताजी, पातळ लावा. मागे फ्रेमच्या चौकटीत वाळलेला कडुलिंब ठेवला तरी चालेल, कागदाला लागू देऊ नका.

छापखाना
एक कायद्याची गोष्ट, कारण पुढे कोणीतरी म्हणणार की याच्या प्रती काढून विकूया. भारतात चित्राचा हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. प्वारे १९४४ मध्ये गेला, पण चित्र लपापचं, आणि लपाप गेला १९७१ मध्ये. म्हणजे २०३१ संपेपर्यंत त्याच्या चित्राच्या प्रती काढून विकता येणार नाहीत. वर्गात लावा, पाहून सराव करा, त्याला काही अडचण नाही.

प्वारेची पहिली चित्रपुस्तिका १९०८ ची, पॉल इरीबनं काढलेली, २५० प्रती. इरीब १९३५ मध्ये गेला, त्याची चित्रं मोकळी आहेत. कपडे एखाद्या रिकाम्या खोलीत उभ्या बायकांवर दाखवायचे, मागे फर्निचरचा एखादा तुकडा, बस. त्याआधीच्या फॅशनच्या चित्रांत प्रत्येक बटण, प्रत्येक टाका दिसायचा, शिंप्याच्या सोयीसाठी. इरीब आणि लपाप यांनी तो तपशील सोडून दिला. म्हणूनच ही चित्रं भिंतीवर लावावीशी वाटतात, आणि म्हणूनच त्यावरून सरळ शिवता येत नाही. मधलं शिवणाऱ्यानं स्वतः भरायचं. माझ्या दृष्टीनं ताईंच्या वर्गासाठी हाच याचा खरा उपयोग.

आणि साचे कापायला शिकायचं असेल तर जुन्या एक्स-रे फिल्म गोळा करा. पत्र्यापेक्षा सोप्या कापल्या जातात, धुता येतात. मुली स्वतःच्या गावचे फेटे, टोप्या, ओढण्या काढून पाच-सहा रंगांची छापचित्रं सहज करतील. ती विकायला कोणाची परवानगी लागत नाही. कागद वर्ध्याकडचा हातकागद घेतला तर अजून चांगलं, फक्त रंग घट्ट ठेवा, पातळ झाला की साच्याखाली पसरतो.

कोष्टीपुरा
छापखाना यांची ही कल्पना मला फार पटली. एक विनंती आहे. छापचित्राखाली बांधणाऱ्याचं नाव घाला, त्यांची परवानगी घेऊन. गाव घाला. कापड कुठलं तेही. आमच्या घरी आजोबांचं एक पागोटं आहे, करवतकाठी. दोन्ही काठांना करवतीच्या दातांसारखी नक्षी, विणतानाच घातलेली. वापरात नाही, कारण ते बांधता येणारं आता घरात कोणी नाही. फोटो काढून पाठवतो. चित्र मुलींनी काढलं तर खाली विणणाऱ्याचं नाव माझ्या आजोबांचं लिहा, मला ते फ्रेम करून घरात लावायचं आहे.

वऱ्हाडी_गडी
कोष्टीपुरा भाऊ, बांधता येनारं कोनी नाही म्हनता, आमच्या गावात अजून तीन बुढे आहेत. त्याईले विचारा तं सांगतात, आधी कापड ओलं करून पिरगाळा, मंग एक टोक दातात धरा. दात नसले तं नातवाच्या हातात द्या. पहिला पेच कपाळावर तिरपा, दुसरा त्याले दाबून. डोक्याच्या मागं गाठ नाही, खोचन. दिवसभर निंदन केलं तरी सुटत नाही.

पॅरिसवाल्यानं तं आतमंदी साचा देऊन टाके मारले असतीन, टोपी म्हून विकायची तं तसंच करा लागते. मी म्हनतो पोरींनी दोन्ही करून पाहावं. एकीनं चित्र पाहून टाक्याचा करावा, एकीनं बुढ्याच्या हातून बांध्याचा शिकावा. मंग दोन्ही समोरासमोर ठेवून चित्र काढावं.

सुईदोरा
गटाची बैठक झाली. तक्ता राहील, चित्रही लागेल, आतल्या भिंतीवर. अध्यक्षबाईंनी स्वतः सांगितलं की त्यांच्या सासऱ्यांचा पटका पेटीत आहे, तोही आणते. मुलींना मी संग्रहालयातल्या फेट्यांची आणि बगळ्यांच्या पिसांची हकीकत सांगितली. बगळ्यांचं ऐकून एकीनं लगेच विचारलं, तुऱ्याऐवजी काय लावता येईल? शेवटी तिनंच सुचवलं, ज्वारीच्या कणसाचा वाळलेला झुपका. करून पाहणार आहोत. कोष्टीपुरा दादा, फोटो नक्की पाठवा, काठ जवळून दिसेल असा. दाते मोजून काढायला सांगते.

गडीभाऊ, तुमच्या गावचे एखादे बाबा आमच्याकडे येतील का? गाडीभाडं आणि जेवण गटाकडून. नाहीतर मुलींना घेऊन आम्हीच येऊ.

वऱ्हाडी_गडी
एक बाबा तयार आहेत, मी घेऊन येतो, मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या) आदल्या आठवड्यात जमन. तुमी मलमल आनून ठेवा, सहा मीटरचे दोन तुकडे. नवं असन तं दोनदा धुवून कांजी काढा, कडक कापडाचा पेच बसत नाही. आनि पोरींना सांगा, केस बांधून या.